भुरीचा चष्मा

रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती आणि तिच्यासमोर उकिडवा बसून एक माणूस तिच्या डोळ्यांत टक लावून पाहत होता.

ज्योत्स्नाने सायकलवरून पाय टेकवला. गाय तिची होती. माणूस मात्र तिने कधी पाहिला नव्हता. पलीकडे मोहाच्या सावलीत एक पांढरी जीप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर खिडकीवर हनुवटी ठेवून, असले प्रकार रोजचेच असल्यासारखा निवांत बसला होता. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान कापणीला आले होते. त्या पिवळ्या उन्हात तो माणूस इतका गंभीर दिसत होता की तिला आधी हसू आले आणि मग हसण्याची थोडी लाज वाटली.

"गाय तुमची आहे का?" त्याने वर न बघताच विचारले.

"हो जी. काऊन? चालान फाडता का तिचं?"

तो गडबडून उठला. उठताना त्याचा चष्मा नाकाच्या टोकावर आला.

"नाही, नाही... म्हणजे, तिला चष्मा लागला आहे."

ज्योत्स्नाने गायीकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले.

"तुमचा देऊन पाहा तिले. बसते का?"

जीपमधला ड्रायव्हर मोठ्याने हसला. तो जहीरभाई, चंद्रपूरचा. आणि तो माणूस डॉक्टर प्रणित. नागपूरच्या एका संस्थेत जनावरांच्या खाण्यावर संशोधन करणारा. हे तिला पुढच्या थोड्या वेळात, बरेच अडखळत अडखळत, कळले. त्याने बोटाने दाखवले. भुरीच्या डोळ्यांभोवती केस फिके पडून दोन गोल वलये उमटली होती. खरोखरच कोणी चष्मा चढवावा तशी. इतकी वर्षे रोज पाहून तिला ती कधी दिसली नव्हती.

"अंगात तांबं कमी पडलं की असं होतं," तो म्हणाला. "फार लागत नाही. अगदी कणभर. पण तो कण नसला की..."

वाक्य अर्धे सोडण्याची त्याला सवय होती. ती पुढे तिला फार जवळून माहीत होणार होती.

"ही जन्मापासून अशीच भुरी आहे का?"

"नाई. बाबा म्हणते, वासरू होती तवा काळी कुळकुळीत होती. मंग भुरी झाली, म्हणून भुरी."

"मग ती काळीच आहे," तो म्हणाला. "फक्त तिला ते आठवत नाही."

असे कोणी बोलते का? ज्योत्स्नाने सायकलचे हँडल उगाच सरळ केले. गाय उठली, शेपटी झटकली आणि आपल्याविषयीच चाललेले बोलणे सोडून घराकडे निघाली.

आरमोरीहून कुरखेड्याकडे जाताना जंगलाच्या कडेला असलेले पळसटोला हे गाव त्याने त्याच दिवशी निवडले. गावात सगळ्या कठाणी गायी, अंगाने लहान, चिवट. त्या खात होत्या धानाचे तणस, आणि वाघाच्या भीतीने फार आत न जाता मिळेल तेवढे गवत. दोन दोन वर्षे माजावर न येणाऱ्या, दुधाला कपभर. तांबे, जस्त, कोबाल्ट असल्या कणभर लागणाऱ्या क्षारांची पावडर देऊन त्या सुधारतात का, हे त्याला वर्षभर पाहायचे होते. फरक सिद्ध झाला तर ही पावडर आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या गावांना सरकारकडून मिळणार होती. नाही झाला तर फाइल बंद.

ज्योत्स्ना गावाची पशुसखी होती. जनावरांना लस टोचायला मदत करणे, कोणाची गाय आजारी पडली तर तालुक्याला फोन करणे, हे तिचे काम. साहजिकच डॉक्टरांच्या मदतीला तीच आली. चिठ्ठ्या टाकून निम्मी घरे निवडली. त्यांच्या गायींच्या कानात पिवळे बिल्ले आले, घरात पावडरीचे डबे आले. रोज कोंड्यात मिसळून द्यायची, असे त्याने समजावले आणि बायांनी माना डोलावल्या. भुरीच्या नावाची चिठ्ठी ज्योत्स्नानेच उचलली. बिन-पावडरीची निघाली.

"तुमचा हातच तसा," तो हळूच म्हणाला.

"चिठ्ठ्या कोनं केल्या होत्या?" ती म्हणाली.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. ती गायीचे डोके काखेत धरायची, तो मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचा, शेपटीच्या गोंड्यातले थोडे केस कापून पिशवीत घालायचा. पहिले दोन महिने तो अगदी पुस्तकातले मराठी बोलला. माघात भागीरथाबाईंच्या गायीने त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की तो खाली बसून ओरडला, "मेलो रे बाप्पा! मले लागलं ना!"

ज्योत्स्नाने ओढणी तोंडाला लावली. "अगा बाई... डॉक्टर साहेबायले बोलता येते."

त्या दिवसापासून तो तिच्याशी आपल्या बोलीत बोलू लागला, आणि काही दिवसांनी, कधी ते दोघांनाही नीट सांगता आले नसते, त्याच्या तोंडी 'तुम्ही'चे 'तू' झाले. तिचे 'तुमी' तसेच राहिले. तो कोरपन्याचा. वडील सिमेंटच्या कारखान्यात. लहानपणी अंगणातली तुळससुद्धा करडी दिसायची, असे त्याने एकदा सांगितले. "म्हणून असंल," तो म्हणाला, "रंग उडालेली जनावरं मले लवकर दिसते."

भागीरथाबाई शेजारच्या. विधवा, एकट्या, जिभेला धार. त्यांना तर सगळेच लवकर दिसत होते. "ज्योत्स्ने, डॉक्टर ढोरायचा हाये का तुया?" त्या कुंपणावरून विचारायच्या. गुणवंतराव, म्हणजे ज्योत्स्नाचे वडील, खाटेवर पडल्या पडल्या खोकल्याचे निमित्त करून हसू लपवायचे. त्यांना मुलगा आवडला होता. आई गेल्यापासून मुलीला कोणाशी इतके भांडताना त्यांनी पाहिले नव्हते.

काम झाले की सपरीत, घरापुढच्या पडवीत, चहा. भुरी आटलेली, म्हणून कोरा चहा. तो एकही घोट न टाकता प्यायचा.

"भुरी व्याली की दुधाचा करीन," ती म्हणाली होती.

"तोवर मी कोऱ्याले रुळलो असंन."

अशाच एका चहाच्या वेळी तिने विचारले, की पावडर निम्म्याच घरांना का? त्याने दोन हातांत शेंगा घेतल्या आणि समजावून सांगितले. सगळ्यांनाच दिली तर गायी पावडरीने सुधारल्या की यंदाच्या चाऱ्याने, हे कळणार कसे? म्हणून निम्म्यांना द्यायची, निम्म्यांना नाही. गाव तेच, गवत तेच, पाणी तेच. मग दोन्हींत जो फरक पडेल तेवढेच आपले उत्तर.

ज्योत्स्नाच्या हातातली चहाची गंजी तशीच राहिली.

पळसटोल्यात एक जुनी रीत होती. इतकी जुनी की तिला कोणी रीतही म्हणत नसे. गावाबाहेर, जिथे सकाळी सगळी जनावरे गोळा होतात त्या आखरावर, मोहाचे अख्खे खोड कोरून केलेली एक लांब डोणी होती. चरायला सुटण्याआधी सगळ्या गायी त्या डोणीत मीठ चाटत. मीठ पाळीपाळीने प्रत्येक घरचे. आपल्याच गायीला गोठ्यात एकटीला मीठ चारणे हे पळसटोल्यात कोणी करत नसे. तिचे दूध आटते, असे म्हणत. खरे कारण बहुधा वेगळे होते. दुसऱ्याची गाय जीभ काढून बघत असताना आपलीला देणे हे बरे दिसत नाही, एवढेच.

आणि पावडर खारट होती. बायांनी ती चाखून पाहिली होती.

ती निम्म्याच घरांना का आली, याचे कोडे गावात कोणालाच पडले नव्हते. सरकारी वस्तू नेहमी निम्म्या गावालाच पुरते. मग वाटून घ्यायची असते. पहिल्या आठवड्यापासून पिवळ्या बिल्ल्यांच्या घरचे डबे मिठासोबत डोणीत रिकामे होत होते. ज्योत्स्नाने ते रोज पाहिले होते, आणि त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. त्याला ते दिसण्याचे कारण नव्हते. वाघामुळे संस्थेची गाडी सकाळी उशिरापर्यंत जंगलाच्या रस्त्याला लागत नसे. तो यायचा तेव्हा डोणी चाटून लख्ख झालेली असायची.

"अन् समजा..." ती चहा ओतत म्हणाली, "एखांद्या बिन-बिल्ल्याच्या गायीनं खाल्ली तं?"

"मंग या गावचं काम बंद. दुसरीकडं पुन्हा सुरुवात. राजुऱ्याकडं, नाई तं कुठी."

"अन् तुमी?"

त्याने कपात पाहिले. "मले इथी यायले... मंग कारण काय राहीन?"

तो प्रश्न होता की उत्तर, हे तिला कळले नाही. त्याने वर पाहिले असते तर कदाचित कळले असते. ती सांगणार होती. ओठांपर्यंत आले होते. पण बाहेर जहीरभाईने हॉर्न दिला. पुढच्या महिन्यात सांगू, असे तिने ठरवले. पुढच्या महिन्यात तो येताना तिच्यासाठी नागपूरहून जनावरांच्या आजारांचे एक चित्रांचे पुस्तक घेऊन आला. मग त्याच्या पुढच्या महिन्यात...

उन्हाळ्यात भुरीच्या मानेवर काळे केस दिसू लागले. मुळाशी आधी, जुन्या तांबूस केसांच्या खाली. मग पाठीवर, मग पोटावर. आषाढात ती गोठ्याच्या दाराशी उभी राहिली की आतला अंधार आणि ती वेगळी ओळखू येत नसे. डोळ्यांभोवतीचा चष्मा गेला होता. ती माजावर आली, फळली.

त्या महिन्यात तो आला तेव्हा पाऊस पडत होता. गोठ्याच्या पत्र्यावर एकसारखा आवाज. तो भुरीसमोर उभा राहिला आणि पाहत राहिला. ज्योत्स्नाने दावे घट्ट धरले होते, जणू दावे सुटले तर आणखीही काही सुटेल. भुरीच्या कानात बिल्ला नव्हता. त्याने एवढेच विचारायचे बाकी होते, की हिला काय चारता?

"यंदा गवत चांगलं आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "यंदा चांगलं आहे."

मग दोघेही पावसाकडे पाहू लागले. थोड्या वेळाने तिने विचारले, की चांगले खाणे बंद झाले तर गाय लगेच भुरी होते का?

"नाई. तांबं काळजात साठते. यकृतात," त्याने दुरुस्त केले. "खाणं बंद झालं तरी कित्येक महिने त्याच्यावर निभते. वरून काईच कळत नाई. गाय चरते, रवंथ करते, काळीच दिसते. आतला साठा उतरून राह्यला असते. मंग एखांद्या दिवशी डोळ्याभोवती..."

"माणसायचंही असंच असते का जी?"

"माणसांवर मी काम केलं नाही," तो एकदम पुस्तकातल्या मराठीत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. चष्म्यावर पावसाचे थेंब होते. ते पुसायला त्याने रुमाल शोधला, सापडला नाही. तिने ओढणीचे टोक पुढे केले. त्याने चष्मा तिच्या हातात दिला. चष्म्यावाचून त्याचा चेहरा अगदी उघडा दिसत होता, घाबरलेल्या मुलासारखा. तिने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि परत द्यायला उशीर केला.

एवढेच झाले. त्या वर्षात त्यांच्यात यापेक्षा जास्त काही झाले नाही.

दिवाळी झाल्यावर तो आला तेव्हा त्याच्या हातात रक्ताच्या नळ्यांची पेटी नव्हती. सपरीत बसला आणि आधी कोरा चहा पिऊन घेतला. मग हसत म्हणाला की सगळे आकडे आले. दोन्हींकडच्या गायी सुधारल्या, सारख्याच. बिल्ल्याच्या आणि बिन-बिल्ल्याच्या गायींत काही फरक नाही. त्याच्या वरिष्ठांचे म्हणणे असे, की पाऊस चांगला झाला, चारा चांगला झाला, पावडरीचा उपयोग नाही. तसेच लिहून द्यायचे आणि फाइल बंद करायची. पुढच्या आठवड्यात अहवाल.

"म्हणजे पावडर कोणालेच नाई?"

"नाई. लागतच नाई तं कशाले देतीन?"

"अन् तुमाले काय वाटते?"

"मले वाटून काय होते? मी चुकलो असंन. चुकते माणूस." तो अजून हसतच होता, पण कपाची कड अंगठ्याने पुसत होता, पुन्हा पुन्हा.

जाताना तो भुरीजवळ थांबला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. गाभण होती, पोट भरत आले होते. ज्योत्स्नाला त्या हाताकडे बघवेना. आजवर ती गप्प राहिली ते त्याचे येणे चालू राहावे म्हणून. त्यात कोणाचे नुकसान नाही, असे तिने स्वतःला समजावले होते. आता तिच्यामुळे तो स्वतःला चुकलेला समजून जात होता. आणि कुठल्या तरी गावात कुठली तरी भुरी, आपण काळ्या आहोत हे कधी न आठवता, म्हातारी होणार होती.

गप्प राहिली तर तो अजून एकदा येणार होता, अहवालावर सरपंचांची सही घ्यायला. सांगितले तर काय होणार होते ते तिला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. सकाळी या, म्हणाली. ढोरं सुटायच्या आधी. गाडी सोडत नसतील तर आरमोरीला मुक्काम करा, पण या.

"काऊन?"

"या तं."

तो आला. जहीरभाईने कुरकुर करत, धुक्यात दिवे लावून गाडी आणली. आखरावर सगळ्या गायी जमल्या होत्या. त्यांच्या नाकांतून वाफ निघत होती. गावाची गुरे राखणारा लालसू गायकी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. भागीरथाबाईंची पाळी होती. त्यांनी डोणीत मीठ पसरले. मग त्यांच्यामागे पिवळ्या बिल्ल्यांच्या घरच्या बाया आल्या, डबे घेऊन, गप्पा मारत. करड्या पावडरीची एक लांब रेघ मिठावर पडत गेली. सगळ्या गायींनी एकदम माना खाली घातल्या. बिल्ल्याच्या, बिन-बिल्ल्याच्या, आणि मधोमध काळीभोर भुरी.

प्रणितला पाहून भागीरथाबाई खूश झाल्या. "पाहा जी डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुमची पावडर कमी आली, पण आमी एकाही गायीले कमी पडू देल्ली नाई."

त्याने त्यांना हात जोडले. खरोखर जोडले, थट्टेने नाही. मग तो डोणीच्या टोकाशी, खोडाच्या उरलेल्या बुंध्यावर बसला. ज्योत्स्ना त्याच्यासमोर उभी राहिली. जिभांचा खरखर आवाज येत होता.

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"तुले माहीत होतं?"

"हो. पन त्याचा अर्थ मले मंग समजला. तुमी शेंगा घेऊन समजावलं ना... त्या दिवशी."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

धुके विरत होते. तिला वाटले होते की सांगताना रडू येईल. आले नाही.

"सांगतलं असतं तं तुमचं येनं बंद झालं असतं."

त्याने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. भुरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तिच्या नाकावर पावडर लागली होती. त्याने ती बोटाने पुसली. कितीतरी वेळ तो ते बोट पाहत राहिला.

"म्हणजे पावडर चालते," शेवटी तो म्हणाला. "सगळ्यायनं खाल्ली, अन् सगळ्या सुधारल्या."

"हो."

"मी चुकलो नव्हतो."

"नाई जी. तुमी नव्हते चुकले."

त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते आनंदासारखे होते, आणि त्याच वेळी ते बघवत नव्हते. वर्षभराचे काम डोणीत विरघळले होते. मोजमाप बिघडलेल्या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, हे त्याला तिच्यापेक्षा चांगले माहीत होते.

त्याने अहवाल बदलला. निकाल ग्राह्य धरू नये, पावडर निरुपयोगी ठरवू नये, काम दुसरीकडे पुन्हा करावे, असे लिहिले. चूक कोणाची, या रकान्यापुढे त्याने गावाचे नाव घातले नाही आणि पशुसखीचेही नाही. गावात मीठ कसे चारतात हे मी विचारले नाही, असे लिहिले. संस्थेने काम पुन्हा सुरू केले, पण दुसऱ्याकडे दिले. त्याच्या नोकरीची मुदत वाढली नाही. राजस्थानात उंटांवर काम करणाऱ्या एका केंद्रात त्याला जागा मिळाली.

निरोप घ्यायला तो आला तेव्हा सपरीत गुणवंतराव होते, भागीरथाबाई होत्या, जहीरभाई होता. सगळे बोलत होते, ते दोघे सोडून. जीपपर्यंत ज्योत्स्ना सोबत गेली. मोहाची तीच सावली होती.

"मी लिहिलं की मी विचारलं नाई," तो म्हणाला. "ते खरंच आहे."

तिला वाटले, तो तिला वाचवतो आहे. म्हणून ती गप्प राहिली.

"भुरीकडं लक्ष ठेव," तो म्हणाला. दाराची कडी धरली, सोडली. "डोळ्याभोवती पुन्हा चष्मा दिसला... तं मले फोन कर."

ती थांबली, वाक्य पुढे जाईल म्हणून. या वेळी त्याने ते अर्धे सोडले नव्हते. तेवढेच होते.

"करीन," ती म्हणाली.

जीप वळणावर गेल्यावरही जहीरभाईचा हॉर्न एकदा वाजला. का, कोण जाणे.

चैत्रात भुरी व्याली. कालवड झाली, काळी. ज्योत्स्नाने पहिल्यांदा दुधाचा चहा केला आणि सवयीने एक कप जास्त ओतला. तो भागीरथाबाईंनी पिऊन टाकला आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे नवल होते.

संस्थेची पावडर बंद झाली होती. गायींच्या अंगातला साठा आता उतरू लागला असेल, हे गावात फक्त ज्योत्स्नाला माहीत होते. ती रोज सकाळी भुरीचे डोके दोन्ही हातांत धरून डोळ्यांभोवती पाहायची. चष्मा नाही दिसला की सुटल्यासारखे वाटायचे, आणि त्याच्या पाठोपाठ मन खट्टू व्हायचे. एका सकाळी तिच्या लक्षात आले की आपण वाट पाहतो आहोत. गाय आजारी पडण्याची वाट! त्या दिवशी ती गोठ्यातच बसून राहिली. मग उठली आणि बचत गटाच्या बायांकडे गेली. मिठासोबत क्षारांची पावडरही गटातून आणू, म्हणाली, पाळीपाळीने डोणीत टाकू. बायांनी लगेच मान्य केले. त्यांनाही आपल्या गायींचे नवे रंग आवडले होते.

पावडर सुरू राहिली. भुरीला चष्मा लागला नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. रोज सकाळी डोणीत करडी रेघ पडायची. ज्योत्स्नाच्या घरची पाळी असली की ती स्वतःच्या हाताने तो फोन आणखी पुढे ढकलायची.

दुसऱ्या वर्षी, मोहाची फुले पडत होती त्या दिवसांत, तिने फोन केला. संध्याकाळ होती. गायी परतत होत्या. काय बोलायचे ते तिने ठरवले नव्हते.

"ज्योत्स्ना..." तो लगेच म्हणाला. नंबर त्याने ठेवला होता. "चष्मा लागला का भुरीले?"

"नाई. काळीभोर हाये. व्याली. कालवड बी काळीच हाये."

"मंग?"

"काई नाई," ती म्हणाली. "असंच."

मग तो बोलू लागला, हळूहळू, आपल्याच बोलीत, जणू ती बोली त्याने इतके दिवस जपून ठेवली होती. काम संस्थेने दुसरीकडे पुन्हा केले, म्हणाला. पहिल्याच दिवशी गावाला विचारले, मीठ कुठे चारता. फरक चांगला आला. आता पावडर मिळेल सगळ्यांना. मग थांबला.

"पावसाच्या दिवशी भुरी काळी पाहिली ना मी," तो म्हणाला, "तवाच मले कळलं होतं. काई तरी होऊन राह्यलं, हे. विचारलं असतं तं काम बंद करा लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाई. मी लिहिलं ते... तेच होतं."

ती भिंतीला टेकली.

"अन् जाताना चष्म्याचं बोललो ना, तवा मले वाटलं तू हासशीन. म्हनशीन, चष्मा कशाले पायजे फोन कराले?"

"मले वाटलं, तुमाले कारण पायजे."

"नव्हतं पायजे ना."

त्याच्या मागे कुठेतरी भांडे वाजले. एका बाईचा आवाज आला, मऊ, हिंदीत. कोण आहे, विचारत होता. "गावाकडून फोन आहे," तो म्हणाला, तोंड फोनपासून दूर नेऊन. मग पुन्हा जवळ आला.

"मागच्या मार्गशीर्षात लग्न झालं," तो म्हणाला. "आईनं... म्हणजे..."

"बरं झालं जी," ज्योत्स्ना म्हणाली. हे तिने इतके पटकन म्हटले की वाक्य अर्धे सोडण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. "सुखी राहा. बाबायले सांगते मी."

"ज्योत्स्ना, चहा आता..."

"दुधाचा करते," ती म्हणाली. "फोन ठेवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची पाळी होती. आखरावर धुके नव्हते, मोहाचा गोड, जड वास होता. तिने डोणीत मीठ पसरले आणि त्यावर पावडरीची रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही तुटू न देता. भुरी पुढे आली. ज्योत्स्नाने सवयीने तिचे डोके दोन्ही हातांत धरले आणि डोळ्यांभोवती पाहिले.

काळेभोर केस होते, चकचकीत. चष्मा कुठेच नव्हता. तिने नीट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग भुरीला चाटायला सोडून दिले.